सातांची मोजणी

बाई,

तुम्हांला जाऊन वीस दिवस झाले. आपल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर लिहा, असं मला सांगितलं गेलं, आणि सोबत एक यादी हातात दिली गेली: जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं, मानसन्मान. ती यादी मी परत केली. ती कुणीही भरू शकेल. मला जे लिहायचं आहे ते फारसं कुणाला माहीत नाही, आणि ते गौरवाच्या लेखात बसणारंही नाही. तुमची वही चार महिने माझ्याकडे पडून होती. तुम्ही ती तीनदा मागितलीत. तीनदा मी काहीतरी कारण सांगितलं. तुम्ही गेलात तेव्हा ती माझ्या टेबलाच्या खणात होती.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना आपली ओळख नसेल. म्हणून तुम्हांला माहीत असलेलंच थोडं पुन्हा सांगतो. कंटाळू नका.

इथे हैदराबादेत, जामबागच्या मराठी शाळेत तुम्ही आम्हांला गणित शिकवलंत. वर्गात देशपांडे, कुलकर्णी, गावाकडून शहरात आलेल्या घरांतले पाटील, जाधव, आणि फळ्याशी तुम्ही, जालन्याकडच्या ख्रिस्ती मार्थाबाई. त्यात काही वेगळं आहे असं आम्हांला कधी वाटलं नाही. भीती मात्र वाटायची. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही की तुमचं लाल वर्तुळ पडायचं. "पाच काय, अरुण? पाच आंबे, पाच मैल, की पाच गाढवं?" मी घाबरून म्हणालो, "गाढवं." गणित मैलांचं होतं. वर्ग किती वेळ हसत होता ते मला अजून आठवतं.

त्या लाल वर्तुळांनी मला घडवलं म्हणायला हरकत नाही. मी भूमापनाच्या कचेरीत लागलो. दुसऱ्यांनी केलेली मोजमापं तपासायची, जुळली तर सही करायची, नाही जुळली तर कागद परत पाठवायचा. पंचवीस वर्षं हेच काम. माझी सही लवकर मिळत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि खरं सांगतो, मला तिचा अभिमान होता.

चार वर्षांपूर्वी तुम्ही विद्यानगरला, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आलात. तोवर तुमची नजर बरीच गेली होती. तुमच्याजवळ तुमच्या पुतण्याची मुलगी, शेरॉन. तिचे आईवडील परदेशात, ती इथे नोकरीला. मराठी बोलते, पण वाचायला दिलं की एकेक अक्षर लावत जाते आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. तुम्हांला बायबल मराठीतूनच हवं होतं. शेरॉनने फोनवर वाचून दाखवणारा आवाज लावून दिला. तुम्ही आठवडाभर ऐकलात आणि मला निरोप पाठवलात, "तू ये. तो फोनमधला माणूस वाचतो चांगला, पण भांडत नाही."

मग दर गुरुवारी सहा ते सात मी तुमच्याकडे. सुनंदा, माझी बायको, म्हणायची, "अहो, गुरुवारचं दत्ताचं करायचं सोडून तुम्ही श्वापदाचं वाचायला चाललात!" आणि डब्यात तुमच्यासाठी काहीतरी भरून द्यायची.

श्वापदाचं, कारण तुम्ही मला सुरुवातच शेवटच्या पुस्तकापासून करायला लावलीत. बायबलातलं ते शेवटचं पुस्तक, योहानाला झालेल्या दर्शनांचं. सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या. सात डोक्यांचं श्वापद. सिंहासनाभोवती चोवीस वडील, आणि चार प्राणी, ज्यांना आतून-बाहेरून डोळेच डोळे. पहिल्या गुरुवारी मी तीन अध्याय वाचले आणि पुस्तक मिटून म्हणालो, "बाई, हे तपासायला माझ्याकडे आलं असतं तर मी परत पाठवलं असतं."

तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. "कुठला आकडा चुकला?"

"चुकायला आधी एकक पाहिजे. तुम्हीच शिकवलंत. सात काय, आणि सातच का?"

"तू काल बायकोला काय म्हणालास? मला सतराशे साठ कामं आहेत, असंच म्हणाला असशील. तिने मोजली?"

"नाही."

"का नाही मोजली? आकडा दिलास ना? तिला कळलं, हा मोजणीचा आकडा नव्हे, हा सांगण्याचा आकडा आहे. योहान तुझ्यासारखाच माणूस. त्याच्या लोकांना तो आकडा ऐकला की कळत होतं. आपल्याला कळत नाही, ते आपलं."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि चार वर्षांत ते एकदाही मिटलं नाही.

नव्या नगरीचं माप आलं तो गुरुवार आठवतो का? लांबी, रुंदी, उंची सारखी, बारा हजार जुनी ग्रीक मापं. मी घरी जाऊन किलोमीटर काढले. एक बाजू हैदराबादेत ठेवली तर दुसरं टोक काश्मीरच्याही पुढे जातं, आणि तितकीच उंची आकाशात. पुढच्या गुरुवारी मी कागद घेऊनच आलो. "बाई, एवढ्या उंच बांधकामाला पाया काय देणार?"

"बारा पाये आहेत. पुढे वाच."

पुढे खरंच बारा होते. मग भिंत आली, एकशे चव्वेचाळीस हात. मी म्हणालो, इतक्या मोठ्या नगरीला एवढी भिंत म्हणजे उंबरठासुद्धा नाही, प्रमाण साफ चुकलं आहे. तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणालात, "भिंत लहान, कारण तिथे कुणाची भीती नाही. दारं बघ. बारा दारं, आणि बंद एकही होत नाही. असा नकाशा तुझ्या कचेरीत कधी आलाय का?" आला नव्हता.

सात सोन्याच्या समया आल्या तेव्हा मी म्हणालो, समई तर आमच्या देवघरातली. तुम्ही म्हणालात, "मग आमच्या मंडळीने काय ट्यूबलाइट लावायची?" नंतर सावकाश समजावलंत की सात समया म्हणजे सात मंडळ्या, गावोगावच्या ख्रिस्ती लोकांच्या, आणि सात मंडळ्या म्हणजे सगळ्याच. सात म्हणजे पुरं, काही उरलेलं नाही. कोकरू म्हणजे येशू, त्याला सात शिंगं, सात डोळे. मी ते डोळ्यांसमोर आणायला गेलो आणि भयंकर दिसलं. "चित्र काढू नकोस रे, अर्थ लाव. शिंग म्हणजे बळ, डोळा म्हणजे पाहणं. पुरं बळ आणि पुरं पाहणं, आणि ते कुणाकडे? तर मारलेल्या कोकराकडे." ते सांगताना तुमचा आवाज बदलला.

सहाशे सहासष्ट ह्या श्वापदाच्या आकड्याला आपली त्रिभुवनकाकांशी गाठ पडली. काका तुमच्या बुधवारच्या मराठी प्रार्थनेतले सगळ्यांत जुने. त्यांच्या नव्या फोन नंबरात तीन सहा शेजारी शेजारी आले होते आणि नातवाने कुठलासा व्हिडिओ दाखवून त्यांना घाबरवलं होतं. तुम्ही त्यांना म्हणालात, "काका, सहा म्हणजे काय? सातच्या दारात उभा राहिलेला. आत काही जाता येत नाही. तीनदा आला, तीनदा बाहेरच. त्याला भ्यायचं कशाला? कीव करा." आणि वर, "त्या नंबरवर भलत्या वेळी फोन आला तर उचला. मीच असेन."

साडेतीनवर मात्र आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. त्या पुस्तकात एकाच काळाला कुठे बेचाळीस महिने म्हटलंय, कुठे बाराशे साठ दिवस, कुठे साडेतीन काळ. मी तीस दिवसांचा महिना धरून गुणाकार केला आणि जाहीर केलं, "हे जुळतं. इथे सही करायला हरकत नाही." तुम्ही म्हणालात, साडेतीन म्हणजे मोडलेले सात. छळाचा, संकटाचा आकडा. संकट कितीही मोठं असो, त्याला पुरे सात मिळत नाहीत, मध्येच संपतं. मी म्हणालो, आमच्यात साडेतीन शुभ, साडेतीन मुहूर्त असतात, त्या दिवशी काहीही सुरू करावं. "मग तो अर्धा मुहूर्त कशाला? चौथा पुरा देऊन टाकायचा ना," तुम्ही म्हणालात. विचारून सांगतो म्हणालो. विचारलं नाही.

वहीची कल्पना तुमची. बुधवारच्या मंडळींत शेवटच्या पुस्तकाची भीती होती. कुणी ते उघडत नसे, कुणी उघडलं तर कुठल्या युद्धाचं वर्ष काढत बसे. तुम्ही म्हणालात, मी सांगते, तू लिही, मग एखाद्या बुधवारी सगळ्यांना वाचून दाखवू. वर्षभर तुम्ही सांगत होतात आणि मी लिहीत होतो. लिहून झाल्यावर मी घरी सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून काढलं, आणि तिथेच थांबायला हवं होतं.

थांबलो नाही. वहीत एका ठिकाणी तुम्ही सांगितलं होतं की या पुस्तकात सात हा शब्द चोपन्न वेळा येतो. सवयीने मी तपासायला बसलो. पंचावन्न आले. पुन्हा मोजले. पंचावन्न.

आता जे लिहितो आहे ते लिहायला मला वीस दिवस लागले. पंचावन्न आले तेव्हा मला आनंद झाला, बाई. चाळीस वर्षांनंतर मला तुमच्या वहीत लाल वर्तुळ काढायला मिळालं होतं. मी ते तुम्हांला लगेच सांगू शकलो असतो. एक शब्द बदलायचा होता, किंवा 'पन्नासहून जास्त' लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण मला ती चूक नेमकी कुठली ते दाखवायचं होतं, अध्याय आणि ओळ यांच्यासकट. म्हणून मी यादी करायला घेतली, आणि यादी करायला रोज वेळ मिळत नव्हता. कचेरी होती, सुनंदाच्या भावाकडचं लग्न होतं. मग आजचं उद्यावर. चार महिने अशा रीतीने गेले, आणि त्या चार महिन्यांना मी काटेकोरपणा म्हणत होतो.

पहिल्यांदा तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणालो, तपासतोय. दुसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, "अरे, निदान मला तरी ऐकव. मी सांगितलंय, पण सलग ऐकलं कुठे?" मी म्हणालो, पक्कं झालं की एकदमच ऐकवतो. अर्धवट कागद कुणाला दाखवायचा नाही, ही माझी कचेरीतली रीत. तुम्ही "बरं" म्हणालात. तुम्हांला दिसत नव्हतं. वही तुमच्या मांडीवर ठेवली असती तरी तुम्हांला ती वाचता आली नसती. ती तुमच्यापर्यंत पोचायला माझ्या तोंडातूनच जावी लागणार होती, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही. किंवा सुचलं आणि मी ते बाजूला ठेवलं. दोन्हींपैकी कुठलं, ते मला आता प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

तिसऱ्यांदा तुम्ही कोठी भागातल्या दवाखान्यात विचारलंत.

गुरुवारच होता. भेटीची वेळ चार ते सहा. मी साडेचारला पोचलो. तुमचे पाय सुजले होते आणि श्वास घेताना खांदे वर जात होते. शेरॉन खाली औषधं आणायला गेली होती.

"वही आणलीस?"

"नाही बाई. सातांचा मेळ बसत नाही. एक जास्त येतोय."

"कुठला?"

"तोच शोधतोय."

"राहू दे त्याला. एवढे सात आहेत, एक पाहुणा आला तर कुठे बिघडलं?"

"तुम्ही चोपन्न सांगितलेत. उद्या कुणी मोजले तर?"

"कोण मोजणार? आमची बुधवारची मंडळी? त्यांना स्वतःचे चष्मे सापडत नाहीत." मग तुम्ही थोडा वेळ नुसता श्वास घेतलात. "जशी आहे तशी वाच ना रे."

"रविवारी आणतो. तोवर पक्की करतो."

मी फोन काढून त्यावरचं बायबल उघडलं. पंधरावा अध्याय राहिला होता, सात देवदूत आणि सात पीडा. इथे जवळपासच ती चूक असणार अशी माझी खात्री होती. मी बोटावर मोजायला लागलो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "अरुण, त्या अर्ध्या तासाचं एक सांगायचं राहिलंय बघ मला."

मी म्हणालो, "एक मिनिट, बाई."

अर्ध्या तासाचं म्हणजे काय, ते इथे सांगितलं पाहिजे. सहा शिक्के उघडतात आणि प्रत्येकाबरोबर काहीतरी कोसळतं. घोडे, दुष्काळ, भूकंप. आता सातवा. सगळे जीव मुठीत धरून बसलेत. तो उघडतो आणि काहीच होत नाही. स्वर्गात शांतता पसरते, सुमारे अर्धा तास. हे वाचलं त्या दिवशी मी हटून बसलो होतो. ज्या पुस्तकात घोडेस्वारांची संख्या वीस कोटी म्हणून नोंदवली आहे, तिथे अर्ध्या तासाला 'सुमारे' कसं? तुम्ही म्हणालात, "तिथे त्या वेळी कुणाला मोजावंसं वाटलं नसेल." आणि मग वहीत सांगितलंत: त्यानंतर लगेच धूप जळतो आणि माणसांच्या प्रार्थना वर जातात. एवढा गडगडाट चाललेला, तो सगळा थांबवला तो ह्यांचं ऐकू यावं म्हणून. इतकंच सांगून तुम्ही थांबला होतात. "ह्याला अजून पुढे आहे, मग सांगते," असं म्हणाला होतात. वहीत मी तिथे चार ओळी कोऱ्या ठेवल्या.

तेच तुम्ही मला सांगणार होतात. मी एक मिनिट म्हणालो आणि तुम्ही थांबलात. माझं ते एक मिनिट किती लांबलं, ते मला माहीत नाही. मोजायला मी तेव्हा दुसरंच काहीतरी घेतलं होतं. मान वर केली तेव्हा नर्स आली होती, तुम्हांला वाफ द्यायची होती. "अंकल, थोडं बाहेर," ती म्हणाली. मी उठलो.

"रविवारी येतो बाई, वहीसकट. तेव्हा सांगा."

"बरं."

तुम्ही शनिवारी सकाळी गेलात.

दफनाला मी होतो, पण मागे उभा होतो. मंडळींनी गाणी म्हटली, मला त्यातली दोन पाठ होती, म्हटली नाहीत. परत येताना सुनंदा रिक्षात म्हणाली, "चार वर्षं वाचून दाखवलंत तुम्ही. कोण करतं एवढं?" वही माझ्याकडेच राहिल्याचं तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आणि मी समजत होते, ती कधीच देऊन झालीय."

आठवड्याने शेरॉन घरी आली. तुमचं बायबल घेऊन. जुनं, कातडी पुठ्ठ्याचं, कडा तेलकट झालेलं. म्हणाली, "अंकल, हे तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे बंदच राहणार."

मी तिला बसायला सांगितलं. तिला काहीतरी बोलायचं होतं.

"शुक्रवारी आज्जी बहोत बोलली, अंकल. जेवणानंतर. फुल मराठी. घरातलं मराठी नाही, ते बुकातलं."

"काय म्हणाल्या?"

"समझलं नाही ना मला. मी हौ आज्जी, हौ आज्जी करत बसले. सारखं अर्धा तास, अर्धा तास म्हणत होती. मला वाटलं, विजिटिंग टाइम विचारते. मी म्हटलं, आज्जी, परेशान नको होऊ, अजून दोन घंटे आहेत." तिचा चेहरा वाकडा झाला. "रेकॉर्ड तरी करायचं ना. फोन तिकडे चार्जिंगला होता. उठले नाही मी."

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणालो.

"तुम्ही असता तर समझलं असतं, नै?"

ती मला टोचायला बोलली नव्हती. तिने फक्त विचारलं. मी हो म्हणालो. समजलं असतं. ह्या घरात, ह्या दवाखान्यात, तुमच्या खाटेच्या आसपास ते समजणारा मी एकच होतो. आणि तुम्ही शेवटी ते अशा मुलीला सांगितलंत जिला ते कळणार नाही हे तुम्हांला पक्कं ठाऊक होतं. किती वाट पाहून सांगितलं असेल.

ती गेल्यावर मी तुमचं बायबल उघडलं. मुद्दाम नव्हे, नुसतं पाहायला. तिसऱ्याच पानावर लक्षात आलं की ओळी वेगळ्या आहेत. तुमच्याकडे मी नेहमी ह्याच पुस्तकातून वाचत होतो. पण घरी मोजताना मी फोनवरचं नवं भाषांतर वापरत होतो. जिथे तुमच्या पुस्तकात 'ते देवदूत' आहे तिथे नव्यात 'ते सात देवदूत' आहे. मी टेबलाशी बसलो आणि तुमच्या पुस्तकात मोजले. चोपन्न.

चार महिने मी तुमची चूक दुसऱ्याच पुस्तकात शोधत होतो. माझ्या हाताखालच्या माणसाने एका गावाचं क्षेत्रफळ दुसऱ्या गावाच्या नकाशावर तपासलं असतं, तर मी त्याला खुर्चीतून उठवलं असतं. तुम्ही मात्र ते चोपन्न, दिसत होतं तेव्हा कधीतरी, मोजून ठेवलेले असणार, आणि मनात जपलेले. तरी दवाखान्यात तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की तूच चुकत असशील. पाहुणा म्हणून त्याला राहू दे म्हणालात.

नंतरच्या बुधवारी मी वही घेऊन मंडळींत गेलो. नऊ माणसं होती. दाराजवळ शेरॉन. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मध्ये एकदा पाणी प्यायलो. लोक चांगलं ऐकत होते. दोन ठिकाणी हसले, आणि तुम्ही जिथे हसवायचं ठरवलं होतंत तिथेच हसले. अर्ध्या तासाशी आलो आणि थांबलो. त्रिभुवनकाका म्हणाले, "इथे संपलं?"

मी म्हणालो, नाही. इथे बाईंना अजून सांगायचं होतं. त्या मला दवाखान्यात सांगत होत्या आणि मी त्यांना थांबवलं. वहीसुद्धा मीच अडवून ठेवली होती. कारणही सांगितलं, एका आकड्याचं.

मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, जाऊ द्या, होतं असं. काका म्हणाले, "तुम्ही ऐकून घ्यायला हवं होतं, साहेब." एवढंच. मग त्यांनी प्रार्थना केली, तुमच्यासाठी आणि त्यानंतर माझ्यासाठी, माझं नाव घेऊन. मला डोळे मिटून बसता आलं नाही. मी वहीच्या पुठ्ठ्याकडे पाहत राहिलो.

कोऱ्या चार ओळी तशाच आहेत. मंडळींतल्या दोघांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की बाईंना काय म्हणायचं असेल ते त्यांना माहीत आहे. दोघांचं वेगवेगळं होतं. मी लिहून घेतलं नाही.

काल गुरुवार होता. सहा वाजता शेरॉन आमच्या दारात उभी. "अंकल, बुधवारी तुम्ही वाचत होता ना, सगळे रडत-हसत होते आणि मी बसले बावळटासारखी. मला पहिल्यापासून वाचून दाखवा. समझलं नाही तर मी थांबवीन, हां. राग नक्को."

सुनंदाने चहा आणून ठेवला. मी वही उघडली. पहिली ओळ वाचली: हे पुस्तक भिववण्यासाठी नाही, धीर देण्यासाठी लिहिलेलं आहे.

"भिववण्यासाठी म्हणजे?"

"घाबरवायला."

"आणि धीर?"

मी हिंदीत शब्द शोधला, इंग्रजीत शोधला.

"हिम्मत?" तिने मदत केली.

"तसंच काहीसं, पण हिम्मत नाही. हिम्मत आपली आपल्यात असते. धीर दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो. जवळ बसून."

बोलून गेलो आणि पुढची ओळ दिसेना. बाई, मी चार महिने असं धरून चाललो होतो की तुम्ही वही मंडळींसाठी मागत आहात, काम पुरं व्हावं म्हणून. दवाखान्यात तुम्ही ती मंडळींसाठी मागत नव्हतात. श्वास पुरत नव्हता, दिसत नव्हतं, आणि वर्षभर दुसऱ्यांसाठी सांगितलेलं ते सगळं आता तुम्हांला स्वतःला कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. पंचेचाळीस मिनिटं मी तुमच्या उशाशी होतो.

शेरॉन वाट पाहत होती. मग तिने वहीत बोट ठेवून हळूच विचारलं, "पुढे?"

मी पुढचं वाचलं.